सांडशीची बाजू

आई गेली तेव्हा मी तिच्या उशाशी बसले होते. श्वास थांबल्याचं कळलं. मी उठले, पाणी तापत ठेवलं होतं तो गॅस बंद केला आणि पुण्याला दादाला फोन लावला. तो फोनवरच रडायला लागला. मी म्हटलं, "सावकाश निघ, खोपोलीच्या पुढे खड्डे आहेत." हे वाक्य त्याने नंतर बऱ्याच नातेवाइकांना सांगितलं. रागाने सांगत नव्हता, त्याला त्याचं नवल वाटलं होतं.

दिवसकार्य झालं. मावश्या, आत्या येऊन गेल्या. "रड गो बाई, मोकळी हो," असं प्रत्येकीने सांगितलं. एक आत्या माझ्या पाठीवरून हात फिरवत बराच वेळ बसून राहिली आणि शेवटी तीच दमून उठली. मला रडू येत नव्हतं. दुःख आत दाबून ठेवलंय असंही नव्हतं. आत चाचपून पाहिलं तर हाताला काही लागतच नव्हतं. भूक लागत होती, झोप लागत होती. आईची उरलेली औषधं मी दुकानात परत केली, डायपरची न फोडलेली पाकिटं शेजारच्या बिल्डिंगमधल्या एका आजोबांच्या घरी नेऊन दिली आणि रजा संपल्यावर कामावर गेले.

मी रोह्याला बँकेत आहे, काउंटरवर. राहते पेणला, रामवाडीत, तिसऱ्या मजल्यावर. सकाळच्या गाडीने जायचं, संध्याकाळच्या गाडीने यायचं. लग्न केलं नाही. त्यामागे सांगण्यासारखी काही गोष्ट नाही. आईला विसरण्याचा आजार झाला, मग तिचं चालणं गेलं, मग बोलणं. शेवटच्या वर्षी मी मोठी रजा घेऊन घरीच होते.

त्या रजेत दुपारच्या वेळी मी मोबाइलवर लोहारकाम बघायची. कसं सुरू झालं ते आठवत नाही. आईची झोप इतकी सावध होती, की चमचा पडला तरी ती दचकून उठायची आणि मग संध्याकाळपर्यंत घाबरलेली असायची. म्हणून मी आवाज पूर्ण बंद करून बघत असे. कुठल्या कुठल्या देशांतली माणसं, नोकऱ्या भलत्याच, आणि सुट्टीच्या दिवशी परसातल्या शेडमध्ये जुन्या ऐरणीवर लोखंड ठोकत बसणारी. कुणी खिळे करायचं, कुणी कुऱ्हाड. लोखंडाचे दोन तुकडे जवळजवळ पांढरे होईपर्यंत तापवून एकावर एक ठेवले आणि ठोकले, की वेल्डिंगच्या मशीनशिवाय ते एक होतात, हे मी तिथे पहिल्यांदा पाहिलं. तेवढा भाग मी मागे नेऊन पुन्हा पुन्हा बघायची. आवडायचं असं म्हणता येणार नाही. डोळे तिथे ठेवता यायचे, एवढंच.

रोह्यात बँकेकडून स्टेशनला जाताना एक गल्ली नदीकडे उतरते. तिच्या तोंडाशी लोहाराची पत्र्याची शेड आहे, पुढे करंजाचं झाड. इतकी वर्षं मी तिच्यावरून गेले होते, पण गाडीच्या घाईत. मी रजेवर असताना तो लोहार वारला होता, ते मला माहीत नव्हतं. कामावर परत गेल्यावर शेड बंद दिसायची, तिकडेही माझं लक्ष नव्हतं. मग एका संध्याकाळी शेडपुढे भंगारवाल्याचा टेंपो उभा दिसला. दोन माणसं ऐरण काढायच्या खटपटीत होती; ती जमिनीत पुरलेल्या ओंडक्यातून सुटत नव्हती. बाजूला साठीची एक बाई, लुगड्याचा पदर कमरेला खोचून, बघत उभी होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता की वाईट वाटणं नव्हतं. असा चेहरा मी रोज केस विंचरताना बघत होते.

"थांबा," मी म्हटलं.

भंगारवाला थांबला. बाईने माझ्याकडे वळून पाहिलं.

"ऐरण विकू नका. मला हे काम शिकायचंय."

असं काही मी बोलणार आहे हे बोलेपर्यंत मलाही माहीत नव्हतं.

"तुमी त्या बँकेतल्या ना?" ती म्हणाली.

"हो."

"शिकून काय करनार?"

"काही नाही."

ती भंगारवाल्याला म्हणाली, "ऱ्हाऊ दे आज. मागं पडलेले पत्रे तेवढे ने."

बँकेला दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुट्टी असते. त्या शनिवारी आणि रविवारी मी रोह्याला जायला लागले. मी तिला काकी म्हणायला लागले. तिचा मुलगा धाटावला एका कंपनीत कामाला होता, शिफ्टमध्ये. ती दोघं शेडच्या मागच्या दोन खोल्यांत राहत. मुलाला शेडच्या जागेत गाड्या धुवायचं सेंटर काढायचं होतं आणि काकीची त्याला हरकत नव्हती.

पहिल्याच दिवशी तिने मला स्पष्ट सांगितलं. "मी तुमाला काय शिकवनार नाय. मला फकस्त घण येतो."

लोहारकामाला दोन माणसं लागतात. एक जण भट्टीपाशी खाली बसतो. तो डाव्या हातातल्या सांडशीत लोखंड धरतो, तापवतो, ऐरणीवर ठेवतो आणि उजव्या हातातल्या लहान हातोडीने कुठे मारायचं ते दाखवतो. दुसरं माणूस समोर उभं राहून तिथे घण घालतं. लग्न होऊन आल्यापासून घण काकीकडे होता. पोटुशी असतानाही, शेवटचे दोन महिने सोडले तर, तिने घण मारला होता. पण सांडशी तिने कधी हातात धरली नव्हती. आग कधी पुरे झाली, लोखंड कधी बाहेर काढायचं, हे सगळं नवऱ्याचं. "ते काढायचे, मी मारायची. आगीत बघून माझे डोळे दिपत, म्हनून मी बघायचीच नाय. झाडाकडं बघत उभी ऱ्हायची."

मी तिला मोबाइलमधलं सांगितलं. मी पुष्कळ पाहिलंय, पण आवाज बंद करून, आणि हातात कधी काही धरलेलं नाही.

"म्हंजे दोघी अर्ध्या," काकी म्हणाली. हसली मात्र नाही.

तिने कोळसा पेटवला. हाताने फिरवायचा पंखा होता, त्याचा दांडा मला दिला. धुराने माझे डोळे भरून आले आणि ती म्हणाली, "ह्या पान्यावर जाऊ नका, ते धुराचं." मग भट्टीजवळच्या नवऱ्याच्या पाटाकडे बघत ती थोडी थांबली. पाट बुटका, मधे झिजून खोल झालेला.

"बसा तितं."

"तुम्ही बसा ना काकी."

"नाय. ती त्यांची बाजू. मी हितं बरी."

मी बसले. सळईचं टोक लाल झालं तेव्हा बाहेर काढून ऐरणीवर ठेवलं, हातोडीने टोचल्यासारखं दाखवलं आणि काकीने घण मारला. तो आवाज मला माहीत नव्हता. इतक्या दुपारी पाहिलेली ती सगळी लोखंडं मुकी होती. पहिल्या घावाबरोबर कानात दडा बसल्यासारखं झालं आणि सांडशीतून एक झिणझिणी मनगटावरून कोपरापर्यंत गेली. सांडशी सुटली. सळई जमिनीवर पडली.

"घट धरा," काकी म्हणाली. "पन आवळू नका. असं ते पोराला सांगायचे."

त्या दिवशी एक आकडा झाला, वाकडा. भिंतीत ठोकून त्यावर पिशवी अडकवता येईल असा. संध्याकाळी पेणला परत आले, तर डाव्या हाताला पोळी लाटायला जोर नव्हता. मी भात केला.

असे बरेच शनिवार-रविवार गेले. आम्ही आकडे केले, खिळे केले, एक चिमटा केला. बोलणं कमीच. आग धरेपर्यंत पंखा फिरवत बसायचं, तेव्हा काकी मधूनच काहीतरी सांगायची. नवरा गेला तेव्हा शेजारणींनी तिच्या बांगड्या हातावर हात आपटून फोडल्या, तरी तिला रडू आलं नव्हतं. "त्या बायका घाबरल्या. एक बोल्ली, हिच्या डोक्यावर परिनाम झाला."

"मग?"

"मंग काय. म्हशीला चारा घालायचा व्हता." मग तिने विचारलं, "तुमाला आईची आठवन येते?"

"माहीत नाही."

"मला बी नाय म्हाईत," ती म्हणाली आणि कोळसा सारखा केला.

तिचा मुलगा पहिल्या शिफ्टहून मोटरसायकलवर यायचा. आधी तो दारात उभा राहून नुसता बघत असे. एकदा मला म्हणाला, "मॅडम, तिच्या खांद्याचं दुखनं हाय. डॉक्टरनी वजन उचलाया नाय सांगितलंय." मी घण मारते म्हटलं, तर काकीच नको म्हणाली. घण मारायला शिकेपर्यंत बँकेतून रिटायर व्हाल, असं तिचं म्हणणं. मुलगा आत जेवायला गेला. गाड्या धुवायच्या सेंटरचा विषय त्याने पुन्हा काढला नाही, निदान माझ्यासमोर.

होळीच्या आसपास माझा हात भाजला. एक आकडा करून मी बाजूला टाकला होता. तो काळा पडला होता. लाल लोखंडाला कुणी हात लावत नाही. काळं लोखंड गार वाटतं. मी तो डाव्या हाताने उचलला. आधी वास आला. मग मी हाताकडे पाहिलं. आकडा तळव्याला चिकटलेला होता आणि तो खाली टाकायला हवा, हे कळूनही एक क्षण मी तशीच बसले होते.

काकीने घण टाकला, माझं मनगट धरलं आणि हात शेजारच्या पाण्याच्या कुंडीत घातला. ते पाणी राखेने काळं झालेलं होतं.

"दुखत नाय?"

"दुखतंय."

"मंग वरडा की!"

मी तोंड उघडलंसुद्धा. आवाज आला नाही. काकी माझ्याकडे बघत राहिली आणि त्या दिवशी पहिल्यांदा ती मला एकेरीत बोलली. "काय गो तू, काय बाई तू," असं म्हणत तिने मुलाला हाक मारली. त्याने मला मोटरसायकलवर बसवून डॉक्टरकडे नेलं. पट्टी बांधली. मुलगा पार पेणपर्यंत सोडायला तयार होता. मी गाडीने जाते म्हटलं. नागोठण्याला एक ओळखीची बाई डब्यात चढली, तिने विचारलं काय झालं. दूध उतू जात होतं, असं मी सांगितलं. बँकेत पण तेच सांगितलं.

पुढच्या रविवारी सकाळी दाराची बेल वाजली. दारात काकी. हातात कापडी पिशवी, केस तेल लावून चापून बसवलेले. पत्ता मी कधीतरी बोलण्यात सांगितला होता, तेवढ्यावर स्टेशनपासून विचारत विचारत ती आली होती. पिशवीत तांदळाच्या भाकरी आणि सुकटीची चटणी होती.

"एका हातानं काय करून खातेस म्हनून आले," ती म्हणाली.

ती घरभर फिरली. बाल्कनीतून हायवेकडे बघितलं. गणपतीच्या कारखान्यातून रंगवायच्या आधीच्या मूर्ती भरून एक टेंपो चालला होता, तो नजरेआड होईपर्यंत तिने बघितला. मग आईच्या खोलीच्या दारात थांबली. खाट तशीच होती, दवाखान्यात असते तशी, उशाकडचा भाग वर करता येणारी. ती विकून टाक, असं दादा दर फोनला सांगायचा.

"हिच्यावर?"

"हो."

काकीने गादी हाताने दाबून पाहिली. "चांगली हाय गो," म्हणाली. जेवून झाल्यावर मी भांडी सिंकमध्ये ठेवत होते, तेवढ्यात ती त्या खाटेवर जाऊन आडवी झाली. विचारलं वगैरे नाही. पाच मिनिटं पाठ टेकते म्हणाली आणि झोपली.

मी दारात उभी राहिले. त्या खोलीत कुणीतरी झोपलं होतं. काकीचं तोंड थोडं उघडं होतं, एक हात पोटावर. मी सवयीने तिच्या छातीकडे बघत होते, वर होते का खाली जाते का. होत होती. तरी मी तिथून हलले नाही. पट्टीच्या आत हात ठणकत होता. खालच्या मजल्यावर कुणीतरी मोठ्याने टीव्ही लावला, मला वाटलं आता ती दचकून उठेल. ती कुशीवर वळली आणि घोरायला लागली. चारच्या सुमाराला मी चहा ठेवला, आणि दोघींचे कप उचलताना माझ्या लक्षात आलं की मी तिचा चहा चमच्याने पाजण्याइतका कोमट करून ठेवला होता. तो तसाच तिला दिला. ती तो फुंकर न मारता एका दमात प्यायली आणि म्हणाली, "पानी झालंय ह्याचं."

हात बरा व्हायला वेळ लागला. तळव्याची कातडी नवी आली ती गुळगुळीत आणि थोडी बधिर होती. चैत्रात मी पुन्हा शेडवर गेले, तेव्हा काकीच्या पायाशी एक कोयता पडलेला होता. आतल्या गावातला एक शेतकरी तो ठेवून गेला होता. भात आणि वाल करणारा, म्हातारा. कोयता जुना, त्याची धार घासून घासून संपलेली. बाजारात नवा कोयता सहज मिळतो. पण हा त्याच्या हाताला बसलेला होता, त्याला नवी धार हवी होती. म्हणजे जुन्या लोखंडाची कड चिरून तिच्यात पोलादाची पट्टी बसवायची आणि दोन्ही तापवून ठोकून एक करायचं.

"मी सांगितलं त्याला, करनारा मानूस गेला," काकी म्हणाली. "तो बोलला, ठोकल्याचा आवाज येतो की तुमच्याकडनं. मंग मी ठेव बोल्ले."

आधी आम्ही भंगाराच्या तुकड्यांवर करून पाहिलं. पोलादासाठी ट्रकच्या जुन्या कमानपाट्याचा एक तुकडा शेडमध्ये होता. पहिला तुकडा मी लाल असतानाच काढला. काकीने चार घण मारले आणि दोन्ही पट्ट्या पत्त्यांसारख्या वेगळ्या झाल्या. दुसरा मी मोबाइलमध्ये पाहिला होता तितका पांढरा होईपर्यंत ठेवला, तर त्यातून फुलबाज्यासारख्या ठिणग्या उडायला लागल्या, आणि ऐरणीवर ठेवल्यावर पोलादाचा भुगा झाला. जळून गेलं होतं.

आम्ही बसून आठवायला लागलो. मी मला दिसलेलं सांगितलं: रंग पिवळा, लोण्याकडे झुकणारा, आणि वरचा भाग ओला दिसायला लागतो. काकी डोळे मिटून बसली.

"सांधा करायचा असला की ते बोलायचे बंद व्हायचे," ती म्हणाली. "नदीची बारीक वाळू टाकायचे वरनं. आन् मला सांगायचे, पयले घाव हलके. घण नुसता ठेवल्यासारखा. मंग मार."

हे मला माहीत नव्हतं. मुक्या व्हिडिओत हलका घाव आणि जोराचा घाव सारखेच दिसतात.

वाळू आणली. तिसरा तुकडा अर्धा जुळला. चौथ्याच्या वेळी काकीने घण उचलला आणि तो खांद्याच्या वर जाईना. तिने पुन्हा उचलला. ओठ दाबून धरले होते. घण पुन्हा जमिनीला टेकला.

"बस झालं काकी," मी म्हटलं. "आज राहू दे."

"तो मानूस रोज बाजाराच्या निमतानं येऊन बघून जातो. भाताच्या राबाला फांद्या तोडून भाजायच्यात, कोयता नाय त्याच्याकडं."

"मग घण मला द्या."

तिने घण ऐरणीला टेकवून ठेवला आणि ती पाटाकडे बघत राहिली. मी उठून बाजूला झाले. मुलगा नेमका तेव्हा घरात होता. दारात येऊन तोही थांबला. काकीने लुगडं सावरलं आणि बसली. बसताना तिने जमिनीला हात लावला, आणि तो कपाळाकडे नेता नेता मधेच थांबून सांडशी घेतली.

त्या दिवशी फक्त भंगाराचे तुकडे जोडून पाहिले. मी घण मारायची, तो ऐरणीच्या कडेवर पडायचा, ओंडक्यावर पडायचा. काकी खालून हातोडीने दाखवायची आणि मी दुसरीकडेच मारायची. ती चिडली नाही. आगीत मात्र ती टक लावून बघत होती, इतकी वर्षं न बघितलेलं भरून काढल्यासारखी. संध्याकाळी तिचा चेहरा तांबडा झाला होता.

दोन-तीन आठवड्यांनी आम्ही कोयता आगीत घातला. मुलगा पंखा फिरवत होता. काकीने वाळू टाकली, पुन्हा टाकली. लोखंड पिवळं झालं, ओलं दिसायला लागलं. मी "काढा" म्हणणार होते. तिने हात वर करून मला गप्प केलं आणि अजून थोडं थांबली. मग काढलं.

"हलका."

मी घण ठेवल्यासारखा टाकला. एकदा, दोनदा. तिसऱ्या घावाला आवाज बदलला. आधी दोन वस्तूंचा येत होता तो आता एका वस्तूचा आला. मला तो कळला आणि काकीलाही कळला.

"मार आता!"

मी मारत गेले. पुन्हा तापवलं, पुन्हा ठोकलं. शेवटी तिने कोयता बाजूला राखेत ठेवला. सांधा एका कोपऱ्यात तेवढा बसला नव्हता, तिथे केसाएवढी काळी रेघ दिसत होती. बाकी सगळी कड एक झाली होती.

काकी म्हणाली, "चाय टाकते," आणि उठून मागे गेली.

चहा आला नाही. मुलगा माझ्याकडे बघायला लागला. मी मागे गेले. स्वयंपाकाच्या खोलीत गॅस पेटलेला, पातेल्यात पाणी उकळत होतं, आणि काकी ओट्याखाली भिंतीला टेकून बसली होती. रडत होती. मोठ्याने नव्हे, पण सगळं अंग हलत होतं. उजवा हात तिने डाव्या हाताच्या कोपरावर धरला होता.

"एवढी धग," ती म्हणाली. "एवढी धग लागते गो तितं तोंडाला. मी उभी असायची, मला काय म्हाईत. आन् घण मारला की सगळं हातात जातं. कोपरापत्तूर. मी जोरात मारायची, ते बोलायचे शाबास. हात दुखतो, हळू मार, असं एक दिवस बोलले नाय."

मला ती झिणझिणी माहीत होती. पहिल्या दिवसापासून माहीत होती, पण या पाटावर बसून काकीच्या नवऱ्यानेही ती इतकी वर्षं सोसली असेल, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मी तिच्या शेजारी बसले. तिच्या पाठीवर हात ठेवला. ती माझ्या अंगावर कलली आणि रडत राहिली. तिच्या केसांना धुराचा वास येत होता. मी वाट पाहिली, आता मलाही रडू येईल. आलं नाही. पाणी आटून पातेलं तडतडायला लागलं, तेव्हा मुलाने आत येऊन गॅस बंद केला आणि आईला रडताना बघून तो तसाच मागच्या दाराने बाहेर गेला.

कोयत्याला पाणी दिलं ते दुसऱ्या दिवशी. म्हणजे लाल करून पाण्यात बुडवून धार कडक केली. शेतकरी आला. त्याने कोयता उजेडात धरला, त्या रेघेवरून नख फिरवलं.

"हे काय?"

"तितं नाय बसला," काकी म्हणाली. "बाकी बसलाय."

त्याने बाहेर जाऊन करंजाची एक फांदी सपकन तोडली. मग दुसरी. कोयता पुन्हा पाहिला. "चालंल," म्हणाला. पिशवीतून कडवे वाल काढून दिले, आणि निघताना माझ्याकडे बघून काकीला विचारलं, "ही कोन?"

"बँकेतली हाय. घण मारते," काकी म्हणाली.

आता घण माझ्याकडेच असतो. काकी पाटावर बसते. आगीचं आता तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं. मुलाने तिला डोळ्यांना लावायला काळा चष्मा आणून दिलाय, तो ती कपाळावर ठेवते. दादाला मी फोनवर सगळं सांगितलं. तो म्हणाला, हाताची काळजी घे. आईची खाट अजून विकलेली नाही.

मी लवकर दमते. घण खाली टेकवून उभी राहिले की लोखंड गार व्हायला लागतं आणि काकी ओरडते, "जेवली नाय काय गो?"

"जेवलेय," मी म्हणते आणि पुन्हा उचलते.